लाइन म्हणजे काय, आक्का?

देवके,

तुझं मरण माझ्या हातून झालं. हे आधी लिहिते, नाहीतर चार पानं इकडचंतिकडचं लिहीत बसेन आणि तिथवर पोचणारच नाही. माझी खोड तुला ठाऊक आहे. भांडण सोडून बाकी सगळं मी उद्यावर टाकते.

वाड्यावर घरोघर सगळे सांगतात, देवकी दरडीवरून घसरली. पंचायतीतून माणूस आला होता, त्यानेही तेच लिहून घेतलं. मरणाचं कारण लिहायला त्याच्या कागदावर जागा एवढीशी. तो म्हणाला, "आजी, एका लाइनीत सांगा." मी उंबऱ्याशी बसले होते. मी तोंड उघडायच्या आत माझा नारू बोलला, "दरडीवरून पडून." झालं, लाइन भरली. त्याने पेन खिशाला लावलं, चहा घेतला आणि गेला. तू असतीस तर त्याच्यासमोरच मला विचारलं असतंस, "आक्का, आता ही कुठली लाइन आणि?"

उद्या तुझा बारावा. सुनंदा फोंड्याहून आली ती अजून इथेच आहे, तुझ्या घरात. तुझ्या लेकीला काहीच ठाऊक नाही. ती पोचायच्या आत तुला जाळलं, आणि मुद्दाम जाळलं. नारूला अर्धं ठाऊक आहे, आणि त्या अर्ध्यानेच तो मरायला टेकला आहे. पुरतं ठाऊक आहे ते मला एकटीला. म्हणून दुकानातून वही आणवली आणि बसले आहे. चौथीपर्यंतचं मराठी माझं. त्या चार इयत्तांना तू सगळ्यांसमोर मान द्यायचीस आणि ओढ्यावर दोघीच असलो की हसायचीस.

त्या चार इयत्तांमुळेच तर तो शब्द तू माझ्या गळ्यात बांधलास.

तू दिग्गीकडून लग्न होऊन आलीस, त्याच थंडीत मुकादम वाड्यावर हाक देऊन गेला. "उद्यापासनं बायकांनी लाइनीवर यायचं." ओढ्यावर तू मला विचारलंस, "लाइन म्हणजे काय, आक्का? तू शिकलेली." मला कुठे माहीत! आमच्या शाळेत इंग्रजीचं अक्षर नव्हतं. पण माहीत नाही म्हणायची माझी जात नाही. मी म्हटलं, "जंगलात रेघ मारायची."

"कशानं?"

"जाळून."

"म्हंजे बैलाला डाग देत्यात तसा जंगलाला डाग?"

"व्हय."

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर खरंच तसं. वीस पावलं रुंद पट्टा झाडायचा, पाचोळा गोळा करायचा आणि पेटवायचा, म्हणजे उन्हाळ्यात वणवा आला तर त्याला उडी मारता येत नाही. त्याला म्हणायचं फायर लाइन. तिसऱ्या दिवशी वारा फिरला आणि तुझ्या लुगड्याचा काठ पेटला. तू धावायला लागलीस. मी तुला पाठीत लाथ घालून पाडलं, लुगडं फेडून फेकलं आणि ओल्या डहाळ्यांनी तुला झोडपलं. आग विझली तेव्हा तू उठलीस आणि माझ्या कानाखाली मारलीस. "धा माणसांत उघडी केलीस मला!" मी पण तुला मारली. मागे पट्टा जळतोय, माणसं फांद्या टाकून बघत उभी, आणि आपण दोघी जावा एकमेकींच्या झिंज्या धरून. तुझ्या पोटऱ्या फोडांनी भरल्या होत्या. संध्याकाळी मी तुला पाठीवर घेऊन घरी आणलं, आणि सगळ्या वाटेवर तू मला शिव्या दिल्यास. आपलं नातं त्या दिवशी लागलं. लग्नाने लागलं होतं ते निराळं.

त्याच मुकादमाचं पुढचं. लंगडायला लागलीस म्हणून तो तुझ्यासाठी पाणी आणी, काठी आणी, गाणं म्हणे. एक बाई मला म्हणाली, "तुझ्या जावंवर लाइन मारतोय बघ." तू ऐकलंस. "माझ्यावर? मी काय जंगल हाय?" मी तुला समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो तुझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि तू कमरेच्या आकडीतला कोयता काढून कोयत्याची बोथट पाठ त्याच्या नडगीवर अशी घातलीस की तो लाकडाच्या ओंडक्यासारखा आडवा झाला. "धार लावली न्हाई, एवढंच उपकार समज," असं म्हणालीस आणि परत झाडायला लागलीस. त्या वर्षी आपल्या दोघींना पुढचं काम मिळालं नाही. मला राग आला होता. आज येत नाही.

मग हा शब्द आपल्या मागेच लागला. जोयड्याला रॉकेलच्या लाइनीत एक धिप्पाड बाई मध्ये घुसली, तेव्हा तू तिचा अंबाडा धरून तिला मागे ओढलंस. तिचा डबा सांडला आणि आपण तिघी रॉकेलात न्हालो. एसटीची लाइन बंद झाली, तेव्हा तू म्हणालीस, "हिला कुणी पेटवली नव्हती, मग बंद कशी झाली?" आणि गणबा. तुझा नवरा, माझा धाकटा दीर. त्याने दारू पिऊन तुझं मनगट मोडलं, तेव्हा शाळेतले मास्तर मला म्हणाले, "आक्का, याला लाइनीवर आणायला पाहिजे." मी ते तुला येऊन सांगितलं. तू डाव्या हाताने भाकरी थापत होतीस. म्हणालीस, "मुसळ कुठं हाय?"

भर दुपारी, अंगणात, आपण त्याला लाइनीवर आणला. तू डाव्या हाताने, मी दोन्ही हातांनी. माझा नवरा मध्ये पडायला आला, त्यालाही एक बसली. गणबाची दोन बरगाडं गेली. त्यानंतर तो मरेपर्यंत तुझ्याकडे हात उचलून बोलला नाही. पाणी मागायचं असलं तरी हात मांडीवर ठेवून मागायचा. तू मला म्हणालीस, "आक्का, ह्यो शब्द बरा हाय. जाळायला येतोय, मारायला येतोय, सुधारायला बी येतोय."

एका शब्दाला इतकी कामं कशी, यावर आपण किती भांडलो. माझं म्हणणं, इंग्रजांकडे शब्द कमी असतील, गरिबाच्या घरी एकच तांब्या असतो तसं; तोंड धुवा, पाणी प्या, परसाकडला जा. तू म्हणायचीस, "न्हाई. सगळीकडं एकच अर्थ हाय. हिकडं आपण, तिकडं दुसरं. मधी पाय घालायचा न्हाई."

"मग फोनच्या लाइनीत कुठलं हिकडं-तिकडं?"

"सुनंदा तिकडं, मी हिकडं," तू म्हणालीस.

मी म्हटलं, "गप, पाणी भर." ते भांडण तिथेच राहिलं. तू जिंकली होतीस, पण मी तसं म्हटलं नाही. तुला मी कधीच कशातच जिंकू दिलं नाही.

आता विजेची लाइन. लिहिते.

खांब आपल्या डोळ्यांसमोर आले. घराघरात दिवे लागले, आणि मागोमाग आकडे आले. लांब बांबूला वायर बांधायची, वरच्या तारेवर आकडा टाकायचा आणि खाली शेताच्या कडेने गुडघ्याच्या खाली उघडी तार फिरवायची. डुक्कर कंद उकरायला आलं की तारेला लागतं आणि संपतं. या दरीत कुणाच्या शेताला ती तार नव्हती ते सांगायला एक बोटही पुरेल. चोरून करायचं आणि सगळ्यांना ठाऊक असायचं. आपला कोनाचा कंद, सुरणासारखाच पण मांडीएवढा, जमिनीत आठ-नऊ महिने वाढतो आणि डुकरांचा कळप तो एका फेरीत खातो. शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसून डबे वाजवायला आता घरात माणसं कुठे आहेत? नारू म्हणाला, "आई, तार सोडतो." मी म्हटलं, "सोड." पहिलं डुक्कर पडलं त्याचं मटण सगळ्या वाड्याने खाल्लं. तूही खाल्लंस, दोनदा वाढून घेतलंस. हेही लिहिलं पाहिजे. मेलं म्हणून माणूस शहाणं होत नाही.

मग तुझा पाखऱ्या गेला. दावं तोडून सांजेला आमच्या शेतात शिरला. मी गेले तेव्हा तो बैल चारी पाय ताठ करून पडला होता, जीभ दातांत चावून तुटलेली, कातडीचा वास सुटलेला. तू त्याच्या शिंगांना धरून बसली होतीस. रडली नाहीस. उठून सरळ आमच्या स्वयंपाकघरात आलीस, चुलीवरची पळी उचललीस आणि माझ्या तोंडावर मारलीस. माझा पुढचा दात अर्धा गेला. अजून जीभ तिथे जाते.

"तार काढ म्हणून सांग तुज्या ल्येकाला."

"डुकरं काय तुजा बाप राखणार?"

"आज बैल गेला. उद्या माणूस जाईल, आक्का."

"जाईल तवा बघू," मी म्हटलं.

असं मी म्हटलं. तोंडातून रक्त येत होतं, तरी शब्द स्पष्ट निघाले.

देवळासमोर वाडा जमला. नारू तार काढायला तयार नाही, बाकीचेही नाहीत. सगळ्यांच्याच शेताला होती. तेव्हा तू उठलीस आणि नियम घातलास. तार चालू करणाऱ्याने शेतात शिरायच्या तोंडाशी, तिथे रोवलेल्या मेढीला, लाल फडकं बांधायचं. बंद करणाऱ्याने सोडायचं. ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग ती त्याची आई असली तरी. "आई असली तरी" म्हणताना तू माझ्याकडे बघितलंस. सगळे व्हय म्हणाले. दोन वर्षं तो नियम पाळला गेला. गुरं वाचली, पोरं वाचली. दुसऱ्या वाड्यांनीही तो उचलला. आणि दोन वर्षं तू आणि मी टोमण्याशिवाय बोललो नाही.

त्या सकाळचं आता.

धुकं निवळलं होतं, ऊन मेढीएवढं वर आलं होतं. मी बाराव्याच्या... नाही, तेव्हा कुठला बारावा. बाजारासाठी कंद काढायला शेतात गेले. वरच्या अंगाने उतरले. तिथे दरड आहे, डुक्कर चढत नाही, म्हणून तिथे तार नाही. खड्डा खालच्या तोंडाजवळचा. पहारीने सहा कंद काढले, पाटी भरली. डोक्यावर घ्यायला गेले तर चुंबळ नाही, घरी राहिली. पाटीची कड टाळूला रुतायला लागली. मेढीला नारूने बांधलेलं फडकं होतं, त्याच्या जुन्या लाल लुंगीचं, हाताशीच. मी मनात म्हटलं, एवढं ऊन वर आलंय, पोरानं तार कधीच बंद केली असणार, फडकं सोडायचं विसरला असणार. नेहमीचा विसरभोळा. दोन गाठी मारल्या होत्या, दातांनी सोडल्या. त्या अर्ध्या दातानेच. फडक्याची वेटोळी करून चुंबळ केली, तिच्यावर पाटी घेतली आणि आले तशी वरच्या अंगाने निघाले.

नारूने तार बंद केली नव्हती. आदल्या सांजेला पिऊन आला होता, अजून झोपला होता.

वर आंब्याखाली तू समोरून आलीस. ओढ्याकडे निघाली होतीस, आमच्या शेताच्या खालच्या तोंडाशी दोन पावलं आत घालून जाते ती वाट. तू थांबलीस. दोन वर्षांत पहिल्यांदा तू मला सरळ काही विचारलंस, टोमणा नव्हता तो.

"आक्का, वाट मोकळी हाय काय?"

मी म्हटलं, "तुजाच नेम न्हवं? फडकं बघ. माजं तोंड कशाला बघतीस?"

फडकं माझ्या डोक्यावर होतं, पाटीच्या खाली.

तू म्हणालीस, "तोंडात बघण्यासारखं काय ऱ्हायलंय, अर्धा दात तर मीच न्हेला." मला हसू आलं. मी दाबलं. आणि पुढे गेले.

माझ्या पाठीमागे तू खाली उतरलीस, मेढीकडे बघितलंस, फडकं नव्हतं. तुझ्याच नियमाप्रमाणे वाट मोकळी होती. तू तोंडाशी आडवा घातलेला बांबू उचललास आणि पाय टाकलास.

तुला नारूने पाहिलं. झोपेतून उठून तार बंद करायला गेला तेव्हा. तो ओरडला ते मला घरात ऐकू आलं, गव्याने शिंग घातलेला माणूस ओरडतो तसं. मी गेले. तू तारेवर पालथी, एक हात पुढे, कमरेचा कोयता तारेला टेकून निळा पडलेला. पोटरीवर करंगळीएवढी काळी रेघ होती, हाडापर्यंत गेलेली. जुन्या फोडांचे वण होते त्यांच्यावरूनच. तिला मी लाइन म्हणणार नाही. ती रेघ. तुझे डोळे उघडे होते आणि तोंडात माती होती.

चार शहाणे जमले. सगळ्यांच्याच शेताला तार. म्हणाले, पोलीस आले तर एकाला न्हेणार न्हाईत, दरीच न्हेतील. दरडीवरनं पडली म्हणायचं. दुपारच्या आत तुला जाळलं. मी लाकडं वाहिली. मीच पोटरीवर लुगडं ओढून घेतलं, कुणाला दिसू नये म्हणून.

आणि नारू. नारूला वाटतं, त्या सांजेला पिऊन तो फडकं बांधायचंच विसरला. त्याला काही आठवत नाही. अकरा दिवस तो मला एकच विचारतो आहे. "आई, मी बांधलं नव्हतं न्हवं?" पहिल्या दिवशी त्याने खांबावर डोकं आपटलं, कपाळ फुटलं. चौथ्या दिवशी कोयत्याने स्वतःच्या हातावर घातलं. नशीब, धार बोथट. जेवत नाही. मी त्याला पेज पाजते आणि गप्प बसते. तो माझ्या पोटात आडवा आला होता. सुईण हात टेकून बसली होती आणि तू कोपरापर्यंत तेल लावून त्याला पायाला धरून ओढून काढलंस. "ह्यो माजा बी हाय," म्हणाली होतीस. त्याला मी अकरा दिवस माझं पाप वाहायला लावलंय.

मी स्वतःला सांगत होते, गप्प बसते ती पोरासाठी, त्याला बेड्या पडू नयेत म्हणून. खोटं. बोलले तरी तार त्याचीच, बेड्या त्याला पडायच्या तर पडतीलच. पण फडकं माझं आहे, ते माझ्या भाताच्या कणगीत तळाशी दडवलंय, आणि तेवढं कुणाला कळू नये म्हणून मी गप्प बसले. मुसळाने गणबाला झोडताना भ्याले नाही ती मी, तुझ्या लेकीच्या तोंडाकडे बघायला भ्याले.

वर लिहिलं ते काल. आज बारावा झाला.

सकाळी मी कणगीत हात घातला आणि फडकं काढलं. त्याची चुंबळ केली, तशीच, तेवढ्याच वेटोळ्यांची. त्या खड्ड्यातले सहाही कंद पाटीत होते, विकले नव्हते. पाटी डोक्यावर घेतली आणि सगळ्या वाड्यातून चालत तुझ्या अंगणात गेले. जेवणाची तयारी चालली होती. ते चार शहाणे पाटावर बसले होते. नारू गोठ्याच्या भिंतीला टेकून, कपाळाला पट्टी.

सुनंदाला म्हटलं, "पाटी उतरव."

तिने हात लावून उतरवली. फडकं माझ्या डोक्यावर राहिलं.

नारूने बघितलं. आपली लुंगी माणूस ओळखतो. तो भिंतीवरून सरकत उभा राहिला. मी फडकं उलगडून सुनंदासमोर धरलं आणि सगळं सांगितलं, एवढंच, जेवढं वर लिहिलंय तेवढं. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. मध्येच एक शहाणा म्हणाला, "म्हातारीचं डोस्कं फिरलंय, आत न्ह्या तिला." मी त्याला म्हटलं, "तू बस. तुज्या शेताची तार कुठनं कुठवर हाय ते बी सांगीन." तो बसला.

नारू जवळ आला. 

"म्हंजे मी बांधलं हुतं? आई? मी बांधलं हुतं?"

"व्हय. दोन गाठी मारून."

तो तिथेच मातीत बसला. पहिल्यांदा मोठ्याने रडला. मग गुडघ्यावर सरकत पुढे आला, माझ्या हातातून फडकं ओढून घेतलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता हा मला मारणार. त्याने मारलं नाही. सुनंदाने मारलं. एक, दोन. हात तुझाच आहे तिला, हाड वाजतं. बायका धरायला आल्या तेव्हा मी म्हटलं, "सोडा तिला. अजून मार, पोरी." तिसरीला उचललेला हात तिने आपणच खाली घेतला.

ती म्हणाली, "शेवटचं काय बोलली माजी आई?"

मी सांगितलं. तू काय विचारलंस ते, मी काय म्हणाले ते, आणि दाताचं. दाताचं ऐकून ती हसली की हुंदका दिला ते मला कळलं नाही. तुझंही कधी कळायचं नाही.

मग तिने जाऊन तोंड धुतलं आणि ती म्हणाली, "मोठीआई, उद्या ठाण्यात यायचं."

"येते."

"मी बी," नारू म्हणाला. "आकडा माजा हाय."

"मग तिघं जाऊ," ती म्हणाली. "आधी जेवा. आईचं जेवण हाय."

जेवलो. तुझ्या बाराव्याला मी माझेच कंद खाल्ले, घशाखाली गेले. जेवल्यावर नारूने सगळ्यांदेखत बांबू लावून आकडा काढला. शेतभर फिरून तार गुंडाळली. दुसऱ्या दोघांनी आपापली काढली. बाकीच्यांनी नाही काढली, आणि आज मला ते तोंड भरून शिव्या देताहेत. द्या म्हणावं. उद्या ठाण्यात माझं म्हणणं लिहून घेतील तेव्हा तो लिहिणारा मला म्हणेल, आजी, थोडक्यात सांगा, एका लाइनीत. मी नाही सांगणार. फायर लाइनीपासून सांगीन. त्याला बसायला लागलं तर बसू दे.

मला काय होईल ते होवो. नारूला आत टाकतील. डुकरं कंद खातील. पुढच्या वर्षी माळ्यावर मी बसेन, डबा घेऊन, जोवर हातात जोर आहे.

तुझं म्हणणं बरोबर होतं, देवके, सगळीकडे एकच अर्थ. तू जिंकलीस. हे लिहायला मला बारा दिवस लागले.

आता उन्हं उतरली तेव्हा मी खालच्या तोंडाशी जाऊन आले. बांबू उचलून बघितला. तार नाही, फडकं नाही, तुझी पावलंही आता दिसत नाहीत, पाखऱ्या पडला होता त्या जागी फक्त गवत दाट आलंय. वाट मोकळी आहे. हे मला त्याच दिवशी परत जाऊन बघून सांगता आलं असतं. आंब्यापासून मेढीपर्यंत चाळीस पावलं आहेत. आज मोजली.